डिचोलीतली ६५०: विकायची का ठेवायची, एक पूर्ण प्रकरण

माझी मावसबहीण, वय ३१, उंची पाच फूट तीन इंच, माहेर बेळगाव, सासर डिचोली, नोकरी पणजीत पाटोला. २०२४ च्या दसऱ्याला तिने रॉयल एनफील्डची इंटरसेप्टर ६५० ही मोटरसायकल घेतली आणि २०२५ च्या जुलैत म्हणजे वर्ष पण झालं नव्हतं, तिचा फोन, दादा ही गाडी विकायची म्हटलं तर किती येतील. मी म्हापशाला असतो, बाइक बऱ्याच वर्षांपासून चालवतो त्यामुळे घरात असले फोन मलाच येतात. पण विकायचं कारण विचारल्यावर जे काय बाहेर आलं ते मला पूर्ण लिहून ठेवावंसं वाटलं, कारण पहिली मोठी बाइक घेणारे बहुतेक जण ह्याच ठिकाणी अडकतात आणि त्यांना सल्ले मात्र भलत्याच गोष्टीचे मिळतात. तिला विचारून लिहितोय, नाव टाकू नकोस एवढंच म्हणाली.

आधी गाडीचं सांगतो. ६४८ सीसी, दोन सिलिंडर, ४७ हॉर्सपॉवर, ५२ न्यूटन मीटर टॉर्क (म्हणजे इंजिनाची ओढ), सीटची उंची ८०४ मिलिमीटर, पेट्रोल ऑइल सगळं धरून वजन २१८ किलो. तिने आधी काय चालवलेलं, तर कॉलेजपासून अॅक्टिव्हा, आणि माहेरी गेली की भावाची १५० सीसीची पल्सर. अॅक्टिव्हा शंभर-एकशेदहा किलोच्या आत-बाहेर, म्हणजे वजन सरळ दुप्पट झालं. लायसन गिअरवाल्या गाडीचं होतं त्यामुळे तो प्रश्न नव्हता, पण गोव्यात निम्मी जनता स्कूटरवरच वाढते आणि कितीतरी जणांकडे फक्त विनागिअरचं लायसन असतं, त्यांनी मोठी गाडी बुक करायच्या आधी ते बघून घ्यावं, कारण अॅक्सिडेंट झाला तर इन्शुरन्सवाले पहिला कागद तोच मागतात. आपल्याकडे ६५० साठी वेगळं लायसन लागत नाही, १०० सीसी आणि ६५० सीसी एकाच लायसनवर चालतात, त्यामुळे मधली पायरी कोणी चढायला लावत नाही, ती आपणच चढायची असते.

घेतली का, तर चोर्ला घाटासाठी. साखळी, पर्ये, केरी, मग घाट, वर कणकुंबी, जांबोटी आणि बेळगाव, हा रस्ता ती लग्न झाल्यापासून नवऱ्याच्या कारमधनं करत होती आणि प्रत्येक वेळी तिला वाटायचं की हा रस्ता गाडीवरनं करायचाय. टेस्ट राइडला तिसऱ्या गिअरमध्ये गाडीने जो खेच घेतला आणि त्या दोन सिलिंडरचा आवाज, झालं, ठरलं. काहींना हे कारण पोरकट वाटतं, मला नाही वाटत. ऑन-रोड चार लाखांच्या जवळपासची वस्तू स्वतःच्या पगारातनं माणूस आवडीसाठीच घेतो, गरजेला अॅक्टिव्हा आहेच की.

गाडी आली तशी सगळ्यांनी तिला स्पीडची भीती घातली. ऑफिसमधल्यांनी सांगितलं पॉवर खूप आहे हां, सांभाळ. सासूबाईंनी तर पहिल्याच दिवशी, "कित्याक गो बाय हें?" (कशाला गं बाई हे?) मलाही दोघा-तिघांनी सांगितलं की तिला जरा समजाव, हायवेला पळवेल. तिने हायवेला काही केलं नाही. ऐंशीच्या वर ती फारशी गेलीच नाही. ती दोनदा पडली ते दोन्ही वेळा गाडी जवळजवळ उभी असताना, एकदा रायबंदरच्या फेरीच्या धक्क्यावर आणि एकदा स्वतःच्या घरच्या आंगणात. लागलं काही नाही, गुडघा सोलवटला आणि एक लिव्हर, एक आरसा आणि एक इंडिकेटर गेला. पण धक्क्यावर सगळ्यांसमोर पडणं, चार जणांनी येऊन गाडी उचलणं, त्यातल्या एकाने वर "मॅडम स्कूटी बरी" म्हणणं, ह्याने तिचं मन इतकं उतरलं की पुढचा महिना-दीड महिना गाडी कव्हरखाली.

म्हणून मी आधी म्हटलं किंमत वगैरे नंतर बघू, तू नेमकी कशी पडलीस ते सांग, आणि नुसतं सांगू नको, चल दाखव.

डिचोलीहून पणजीला जायला तिचा नेहमीचा रस्ता मये, चोडण आणि मग फेरीने रायबंदर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, फेरी म्हणजे सपाट तळाची बोट, धक्क्याचा सिमेंटचा उतार पाण्यात गेलेला असतो, बोट आपली लोखंडी फळी त्या उतारावर टेकवते आणि गाड्या त्या फळीवरनं चढतात-उतरतात. भरतीला काही वाटत नाही. ओहोटी असली की उताराचा खालचा भाग उघडा पडतो, तो कायम ओला, त्यावर शेवाळ, आणि चढ लांबच लांब होतो. रायबंदरला उतरताना म्हणजे बोटीतून बाहेर पडताना तुम्ही तो चढ चढत असता, पुढे-मागे वीस स्कूटर, चालत जाणारी माणसं मध्येच, सगळ्यांना ऑफिसची घाई. (त्या जुलैत ह्या मार्गावर मोठ्या रो-रो बोटी सुरू झाल्या, त्याने गर्दी जरा सुटसुटीत झाली, पण ती पडली त्याच्या आधी.)

तिने सांगितलं ते असं. फळी ओलांडली, चढावर पुढचा स्कूटरवाला एकदम थांबला, तिने हँडल जरा उजवीकडे वळवून बाजूने काढायला बघितलं, तिथे एक बाई चालत आली, तिने दोन्ही लिव्हर दाबले, दोन्ही पाय खाली टाकले, गाडी इंचभर मागे घसरली आणि उजव्या बाजूला कलली, उजवा पाय शेवाळावर, संपलं.

ह्या एका वाक्यात सगळं प्रकरण आहे. अॅक्टिव्हाला दोन्ही ब्रेक हातात असतात. त्यामुळे थांबायचं म्हणजे दोन्ही लिव्हर दाबायचे आणि दोन्ही पाय खाली टाकायचे, दहा-बारा वर्षांची ही सवय हाडात गेलेली. मोटरसायकलला डावा लिव्हर क्लच आहे आणि मागचा ब्रेक उजव्या पायात आहे. म्हणजे दोन्ही पाय खाली टाकले की तुमच्याकडे मागचा ब्रेक राहतच नाही, आणि डावा लिव्हर घाबरून पूर्ण ओढला की इंजिनाचा जोर पण सुटतो, उरतो फक्त पुढचा ब्रेक. आणि चढावर गाडीचं वजन मागच्या चाकावर गेलेलं असतं, पुढचं चाक हलकं, ओल्या जागेवर ते लॉक करून ठेवलं तरी घसरत मागे येतं. त्यात हँडल वळलेलं. हँडल वळलेलं असताना हळू स्पीडला पुढचा ब्रेक चावला की फोर्क (पुढचे शॉक) दबतो आणि सगळं वजन वळणाच्या आतल्या बाजूला पडतं, त्या क्षणी २१८ किलो धरायला पायात ताकद कितीही असो, उपयोग नाही.

मग पल्सरवर असं कधी का झालं नाही? कारण ती दीडशे किलोच्या आतली गाडी, कलली तरी पायाने सावरता येते. चूक सवय तिथे पण तीच होती, फक्त हलकी गाडी ती माफ करत होती. म्हणजे मोठी बाइक हातात यायच्या आधी तिच्याकडे बाइकची सवय आहे असं सगळे धरून चालले होते, शोरूमवाले पण, आणि खरंतर तिच्याकडे स्कूटरची सवय होती आणि गिअर टाकायचं ज्ञान होतं. हा फरक कोणी विचारलाच नाही.

दुसरं पडणं घरचं. घर रस्त्याच्या खालच्या अंगाला, चिऱ्यांची उतरती वाट, खाली आंगण. ती संध्याकाळी नाक खाली करून थेट आत उतरायची आणि सकाळी २१८ किलो चढावर उलटं ढकलायची. मोटरसायकलला रिव्हर्स नाही हे आपण शोरूममधल्या गुळगुळीत फरशीवर विसरतो. उन्हाळ्यात नवरा मागून ओढायचा, पावसाळ्यात चिऱ्यांवर शेवाळ, एके सकाळी तो लवकर निघून गेलेला, हिने एकटीने प्रयत्न केला आणि पाय सरकला.

आता ती विकायची म्हणते त्यामागे दुसरा विचार होता की ६५० झेपत नाही तर ३५० घेते. आणि सप्टेंबरमध्ये तर त्याला अजून जोर आला, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला, ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांचा २८ टक्क्यांवरनं १८ झाला, आणि त्याच्या वरच्यांचा सेससकट ३१ होता तो ४० झाला. घरातले सगळे म्हणायला लागले बघ, सरकार पण सांगतंय ३५० घे. मी तिला एक कागद घेऊन आकडे लिहायला लावले. त्याच कंपनीची क्लासिक ३५०, वजन १९५ किलो, सीट ८०५ मिलिमीटर. म्हणजे लाखभर रुपये एक्सचेंजमध्ये घालवून वजन कमी होणार २३ किलो आणि सीट एक मिलिमीटर उंच. मीटिऑर ३५०, सीट ७६५, वजन १९१, हा खरा बदल आहे. हंटर १८१ किलो. आणि जर कोणी म्हणत असेल ६५० मध्येच सीट खाली हवी तर सुपर मीटिऑर, सीट ७४० पण वजन २४१. म्हणजे सीसी हा आकडा तिच्या अडचणीशी संबंधितच नाहीये. तिची अडचण सीटची उंची, वजन आणि उजव्या पायाची सवय ह्या तिघांची आहे, आणि तिसरी गोष्ट कुठल्याही मॉडेलमध्ये सोबत येणारच. मीटिऑर तिने चालवून बघितली पण. पाय टेकतात, आरामात, म्हणाली दादा ही चांगली आहे पण मला ही नकोय. मला ते उत्तर पुरेसं होतं.

त्याआधी जुलैतच आम्ही ठरवलं होतं की तीन महिने विकायचं नाव काढायचं नाही, जे दुरुस्त होऊ शकतं ते करून बघायचं.

पहिलं सीट. तिचा पायाचा आतला माप, भिंतीला पाठ लावून, दोन पायांत पुस्तक दाबून घेतला, तो २९ इंच म्हणजे साधारण ७३७ मिलिमीटर. सीट ८०४, त्यात रुंदी, त्यामुळे बसल्यावर दोन्ही पायांचे फक्त चवडे. इथे बरेच जण सस्पेन्शन खाली करून घेतात, त्याच्या मी विरोधात आहे, आपल्याकडचे खड्डे आणि स्पीडब्रेकर बघता गाडीचं पोट घासतं आणि साइड स्टँडचा कोन बिघडतो, गाडी जास्त उभी राहते आणि वाऱ्याने पण पडू शकते. त्यापेक्षा सीट. म्हापशात गादीवाल्याकडे नेऊन फोम पुढच्या बाजूला आणि दोन्ही कडांना कापून घेतला. उंची जेमतेम इंचभर कमी झाली पण कडा निमुळत्या झाल्याने मांड्या जवळ आल्या, त्याचा फायदा इंचापेक्षा जास्त. जुनं कव्हर आणि कापलेला फोम ठेवून द्यायला सांगितला. आणि बूट. ऑफिसच्या चपलेवर ती गाडी चालवत होती, घोट्याच्या वर येणारा, जाड आणि खरबरीत सोलचा बूट घेतला, सोलनेच दीड-दोन सेंटिमीटर मिळाले.

पण मुख्य गोष्ट म्हणजे दोन्ही पाय टेकायचा हट्ट सोडणं. थांबताना हँडल सरळ, बूड जरासं डावीकडे सरकवायचं, डावा पाय पूर्ण सपाट जमिनीवर, उजवा पाय ब्रेकवरच. कमी उंचीची माणसं जगभर मोठ्या गाड्या अशाच चालवतात. ऐकायला सोपं आहे, करायला महिना गेला. रविवारी सकाळी पाटोला पार्किंग रिकामं असतं, तिथे आम्ही जायचो. पहिल्या दिवशी तिला फक्त थांबायला लावलं. दुसरं काहीच नाही, पहिल्या गिअरमध्ये वीस पावलं जायचं, मागच्या ब्रेकने थांबायचं, डावा पाय. परत. मग हाफ क्लचवर (क्लच अर्धाच सोडून) चालण्याच्या स्पीडने सरळ रेषा, मागचा ब्रेक किंचित दाबून ठेवलेला, म्हणजे इंजिन ओढतंय आणि ब्रेक धरतोय, गाडी त्या ताणात स्थिर राहते. मग वर्तुळ, मग आठचा आकडा, नजर पुढच्या चाकावर नाही तर जिथे जायचंय तिथे, आणि हँडल वळलं की पुढच्या ब्रेकवरची बोटं काढून घ्यायची, नुसती दाबायची नाहीत असं नाही, काढूनच घ्यायची. मी बोटांकडे बघत बाजूने चालायचो आणि बोट दिसलं की ओरडायचो. तिला राग यायचा. पण तिसऱ्या-चौथ्या रविवारी बोटं आपोआप मुठीवर जायला लागली.

चढावर थांबून परत निघणं मात्र वेगळं शिकवावं लागलं. मागच्या ब्रेकवर गाडी धरायची, क्लच सोडत आणायचा, इंजिनाचा आवाज जड झाला आणि गाडीचं ढुंगण किंचित दबलं की मग ब्रेक सोडायचा. स्कूटरवाल्या माणसाला हे नवीन असतं कारण स्कूटरला क्लचच नाही. ह्या गाडीत टॉर्क कमी स्पीडलाच भरपूर आहे, जास्त अॅक्सिलरेटर द्यायची गरज पडत नाही, हा मोठ्या इंजिनाचा खरा फायदा आणि तो स्पीडचा नाहीच.

पडलेली गाडी उचलायची पण प्रॅक्टिस केली, जुन्या गादीवर मुद्दाम आडवी करून. इंजिन बंद, गाडी उजव्या बाजूला पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवायचा म्हणजे पलीकडे जाऊन परत पडणार नाही, गिअरमध्ये आहे ना बघायचं म्हणजे चाक फिरणार नाही, हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवायचं, मग सीटला पाठ लावून बसायचं, एका हाताने हँडलची मूठ आणि दुसऱ्याने मागचा रॉड धरायचा आणि पाय रोवत लहान लहान पावलांनी मागे सरकत उठायचं. कंबर वाकवून समोरून उचलायला गेलं की पाठ जाते. पाच फूट तीन इंचाच्या मुलीने २१८ किलो एकटीने उभे केले तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे होतं, माझ्या मते ह्या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात मोठा इलाज तोच होता. पडली तर काय, ह्या प्रश्नाला उत्तर मिळालं आणि अर्धी भीती तिथेच गेली.

आंगणाचा प्रश्न एका संध्याकाळी सुटला. नाक खाली करून उतरायचंच नाही. रस्त्यावर गाडी वळवायची, इंजिन बंद, पहिला गिअर, क्लच दाबून बसल्या बसल्या उतारावरनं मागे मागे सोडायची आणि थांबवायचं असेल तिथे क्लच हळू सोडायचा, मागचं चाक जागेवर धरतं. म्हणजे डावा हातच मागचा ब्रेक होतो आणि उतरताना दोन्ही पाय जमिनीला मोकळे. सकाळी गाडी चढाकडे तोंड करून तयार, स्टार्ट करून इंजिनाच्या जोरावर वर. उभी करताना पण नाक चढाकडे आणि पहिल्या गिअरमध्ये, स्टँडवरनं पुढे घरंगळत नाही. पावसात स्टँड मातीत रुततो म्हणून कडप्प्याचा एक तुकडा कायम तिथे टाकलेला, आणि वाटेवरचं शेवाळ नवऱ्याने ब्लिचिंग पावडर टाकून खरवडलं.

फेरीचं आम्ही असं ठरवलं की जून ते सप्टेंबर ऑफिसला अॅक्टिव्हा. ह्यावर तिचं माझं वाजलं, कारण तिला वाटत होतं ही हार आहे. मला अजिबात वाटत नाही. गोव्याच्या पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, धक्का ओला, वाटेवर लाल माती, ऑफिसला छत नसलेलं पार्किंग, त्यात रोज साठ-सत्तर मिनिटं शून्य ते चाळीस स्पीडला ही गाडी चालवण्यात तिचं काही चांगलं होत नाही, गाडीचं पण नाही. फेरी चुकवायची तर म्हापसा-पर्वरीमार्गे जा, तिथे तेव्हा उड्डाणपुलाच्या कामाची कोंडी होती, हवा आणि ऑइलवर थंड होणारं इंजिन कोंडीत तापतं आणि ती धग सरळ मांडीला, डावा हात क्लचने दुखतो. आणि ६५० असली तरी शेवटी दुचाकीच, पणजीतल्या मांडवीवरच्या अटल सेतूवर दुचाकीला बंदी, म्हणजे मांडवी ओलांडायला जुन्या पुलावरच्या गर्दीतच. कोरड्या दिवसांत फेरीला न्यायची असेल तर बोटीत शेवटी चढायचं आणि बाहेर पण शेवटी पडायचं, पुढचा चढ पूर्ण मोकळा झाल्याशिवाय फळी ओलांडायचीच नाही, मागचे हॉर्न मारू देत. बोटीत साइड स्टँड, पहिला गिअर, आणि पुढचा ब्रेक लिव्हर जाड रबरबँडने मुठीला बांधलेला.

पावसाचंच म्हणायचं तर एबीएस आहे म्हणून निर्धास्त राहू नये. चाक लॉक होणार नाही एवढंच ते बघतं, रस्त्याला पकड नसेल तर ती ते कुठून आणणार. तिला मी एक हिशेब करून दाखवला, कोरड्या रस्त्यावर ६० ने जाताना दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद धरला तर सतरा मीटर आणि ब्रेक लागल्यावर साधारण अठरा, मिळून पस्तीस. १०० ला अठ्ठावीस आणि एकोणपन्नास, म्हणजे सत्त्याहत्तर. स्पीड दुप्पट पण झाला नाही आणि अंतर दुपटीच्या वर गेलं. ओल्यात ब्रेकचा भाग अजून दीडपट धरा. डिचोली-साखळी भागात खनिजाच्या आणि चिऱ्यांच्या ट्रकांची माती रस्त्यावर असते, पहिल्या पावसात तिचा चिकट थर होतो, तेव्हा ही अंतरं पण विसरा. पांढरे पट्टे आणि लोखंडी झाकणं, त्यावर ब्रेकही नाही आणि कलणंही नाही.

दीड महिना कव्हरखाली ठेवल्याचा हिशेब वेगळा द्यावा लागला. ओली गाडी प्लास्टिक कव्हरखाली झाकली की आत घाम धरतो, खारी हवा आहेच, चेन लाल झालेली, स्पोकच्या निपल्सवर ठिपके, बॅटरी उतरलेली. चेन रॉकेलने धुऊन पुसून ल्यूब मारलं, वाचली. आता नियम असा की पाचशे किलोमीटरला किंवा भिजली की लगेच चेनला ल्यूब, ते पण राइडवरनं आल्यावर चेन गरम असताना, आतल्या बाजूने. कव्हर सुती, गाडी कोरडी झाल्यावरच. पंधरा दिवसांत एकदा तरी वीसेक किलोमीटर फिरवायची, नुसतं जागेवर स्टार्ट करून ठेवण्याचा उपयोग नाही, त्याने बॅटरी धड भरत नाही आणि सायलेन्सरात पाणी साचतं.

इन्शुरन्समध्ये मात्र तिचं नुकसान होता होता राहिलं. लिव्हर, आरसा, इंडिकेटरचा क्लेम टाकायला ती निघाली होती. म्हटलं थांब. नवीन गाडीला थर्ड पार्टी (समोरच्याच्या नुकसानीची) पॉलिसी पाच वर्षांची एकदम घ्यावी लागते, ३५० च्या वर तिचा दर १५,११७ रुपये, तो भरून झालेला आहे, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं कव्हर एकाच वर्षाचं असतं आणि ते दसऱ्याला संपत होतं. पाच वर्षांचा आकडा बघून बरेच जण समजतात की सगळंच पाच वर्षांचं आहे, आणि दुसऱ्या वर्षी गाडी पडली की कळतं. पहिलं वर्ष विनाक्लेम गेलं तर रिन्यूला २० टक्के नो क्लेम बोनस, पुढे वाढत पाच वर्षांनी ५० टक्के. किरकोळ सामानाचा क्लेम करून तो बोनस घालवण्यात अर्थ नव्हता, सामान खिशातनं आणलं आणि पुढच्या वेळचा खर्च वाचावा म्हणून इंजिन गार्ड बसवून घेतला.

चवथीनंतर म्हणजे गणपतीनंतर, पाऊस उघडल्यावर, ती पहिल्यांदा चोर्लाला गेली. मी माझ्या गाडीवर मागे. केरीपर्यंत मी तिच्या उजव्या पायाकडेच बघत होतो, नंतर बघायची गरज वाटली नाही. घाटात एका वळणावर समोरनं ट्रक आला, पुढची कार चढावरच थांबली, तिने हँडल सरळ केलं, मागच्या ब्रेकवर थांबली, डावा पाय टेकला, ट्रक गेल्यावर निघाली. मला जे बघायचं होतं ते तेवढंच होतं. कणकुंबीला चहा प्यायला थांबलो तर म्हणाली धुकं असतं तर बरं झालं असतं, मी म्हटलं मुळीच नाही, धुक्यातला चोर्ला पुढच्या वर्षी.

दसऱ्याला गाडीला वर्ष झालं, इन्शुरन्स रिन्यू केला, विकायचा विषय तिनेच बंद केला. सगळं सुटलंय असं नाही. सासूबाई अजून ती घरी पोचेपर्यंत व्हरांड्यात बसतात. नवरा मागे बसला की सीट कापल्यामुळे तो पुढे सरकतो, त्यावर गादीवाल्याकडे परत जायचंय, शिवाय तो बसताना मागच्या शॉकचा प्रीलोड (स्प्रिंगचा ताण) एक-दोन खाचा वाढवावा लागतो आणि टायरची हवा मॅन्युअलमध्ये दोघांसाठी दिलीय तेवढी करावी लागते, ते ती अजून दर वेळी करत नाही, मी मागे लागलोय.

आणि एक मोठा प्रश्न उघडाच आहे, पंक्चरचा. तिच्या गाडीला स्पोकची चाकं, म्हणजे ट्यूब. कणकुंबीच्या खाली जंगलात मागचं चाक बसलं तर चाक काढल्याशिवाय काही होत नाही, फोनला रेंज नसते. अलॉय आणि ट्यूबलेसवालं मॉडेल २०२३ पासून मिळतं, ती चाकं हिच्या गाडीला बसवायची तर खर्च मोठा. सध्या तिने पुढची-मागची एकेक ट्यूब, तीन टायर लिव्हर, हवेचा छोटा पंप आणि अॅक्सलच्या नटाला बसणारा पाना असं घेतलंय, आणि पुढच्या रविवारी डिचोलीच्या पंक्चरवाल्याकडे बसून त्याच्या देखरेखीखाली मागचं चाक स्वतः काढून परत बसवणार आहे, तसं त्याच्याशी बोलून ठेवलंय.